रोजच्या गल्लीची वही: परिसरफेरीतील नोंदी कशा घ्याव्यात

आपण राहतो त्या भागातून दिवसातून दोनदा तरी आपली ये-जा होते. तरीही कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानावर कोणत्या झाडाची सावली पडते, असे कोणी विचारले तर बहुतेकांना थांबून आठवावे लागते. ये-जा करताना लक्ष सारे पोहोचण्याकडे असते आणि मधली वाट ही केवळ अडचण ठरते. या लेखात सांगितलेली पद्धत मी पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार, बुधवार आणि कसबा या पेठांमध्ये फिरताना हळूहळू बसवली असून उदाहरणेही तिथलीच दिली आहेत. नाशिकच्या पंचवटीत किंवा बदलापूरच्या नव्या वसाहतीत राहणाऱ्याने त्यात आपापले तपशील घालावेत. पद्धतीचा गाभा एवढाच की वाट एकच ठेवावी, प्रत्येक फेरीला एकच प्रश्न घ्यावा आणि पाहिलेले त्याच दिवशी लिहून ठेवावे.

पहिले काम: वाट आणि वेळ ठरवणे

घरापासून निघून घरीच परत येणारी, साधारण दीड किलोमीटरची वाट निवडावी. एरवी हे अंतर वीस मिनिटांचे आहे; या फेरीसाठी मात्र पाऊण तास राखून ठेवावा, कारण त्यातला निम्मा वेळ उभे राहण्यात जातो. वाटेत एखादी जुनी इमारत, एखादे देऊळ किंवा दर्गा, दुकानांची रांग, चार-पाच मोठी झाडे आणि शक्य झाल्यास ओढा किंवा नदी यांपैकी तीन गोष्टी तरी असाव्यात. सुंदर वाट शोधण्याच्या भरीस पडू नये. जिथे माणसांची कामे चाललेली दिसतात ती वाट बागेतल्या पायवाटेपेक्षा अधिक उपयोगी पडते.

एकदा ठरवलेली वाट निदान महिनाभर बदलू नये. वेळ मात्र मुद्दाम बदलावी. सकाळी साडेसहाला गेलात तर पदपथावर वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांभोवती बसून पुरवण्या घालणारी मंडळी दिसतात आणि वाड्यांच्या दारांच्या कड्यांना फुलपुड्या अडकवलेल्या असतात. तीच वाट दुपारी एक ते चारच्या दरम्यान चालल्यास अनेक दुकानांची दारे बंद असतात, आणि एरवी वस्तूंनी झाकलेले दुकानांचे लाकडी फळ्यांचे दरवाजे नीट पाहता येतात ते त्याच वेळी. (पुण्याच्या दुपारच्या झोपेवर विनोद पुष्कळ झाले आहेत, जुनी बांधणी पाहणाऱ्याने त्या झोपेचे आभारच मानले पाहिजेत.)

वही कशी आखावी

खिशात मावेल एवढी वही आणि शिसपेन्सिल घ्यावी. पावसाच्या शिंतोड्यांनी शाई पसरते, पेन्सिल पसरत नाही. मोबाइल जवळ असू द्यावा, पण फेरीच्या पहिल्या भागात तो बाहेर काढू नये. छायाचित्र काढले की पाहून झाले असे मनाला वाटते आणि नजर पुढे सरकते, हा माझा तरी अनुभव आहे. प्रत्येक फेरीसाठी एक पान राखून वरच्या बाजूस तारीख, तिथी किंवा सण असल्यास तो, वेळ, हवा आणि त्या दिवशीचा प्रश्न लिहावा. त्याखाली तीन निरीक्षणे आणि शेवटी एक शंका एवढेच लिहावे. निरीक्षण लिहिताना विशेषणे टाळून ठिकाण, संख्या, रंग, कृती असे लिहावे. ‘चौकात छान झाड आहे’ या वाक्याचा पुढे काहीही उपयोग होत नाही. ‘चौकातील पिंपळ दुसऱ्या मजल्याच्या गच्चीच्या कठड्यातून उगवला आहे, मुळे भिंतीवरून साधारण हातभर खाली आली आहेत’ हे वाक्य वर्षभरानंतर पुन्हा मोजून पाहता येते. असा पिंपळ तिथे कोणी लावलेला नसतो. फळे खाल्लेल्या पक्ष्यांच्या विष्ठेतून बी भेगेत पडते आणि चुन्यातल्या ओलीवर रुजते.

एका फेरीला एक प्रश्न

सारा भर या पायरीवर आहे. प्रश्नाविना चालणाऱ्याला सगळे दिसते आणि काहीच लक्षात राहत नाही. सुरुवातीला पुढील चार प्रश्न घ्यावेत आणि प्रत्येकावर दोन-दोन फेऱ्या खर्च कराव्यात.

‘पायाखाली काय आहे?’ हा प्रश्न सर्वांत सोपा आणि म्हणूनच पहिला. जुन्या वाड्यांची जोती काळ्या दगडाची असतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला लाव्हा थंड होऊन हा बेसाल्ट तयार झाला. पायरीच्या दगडात बारीक भोके दिसली तर ती त्या लाव्ह्यातील वायूच्या बुडबुड्यांची समजावीत. काही भोके पुढे पांढऱ्या खनिजांनी भरली गेली, म्हणून तो दगड ठिपकेदार दिसतो. शेजारच्या ओट्यावरची निळसर-करडी शहाबादी फरशी कर्नाटकातून आलेली असते आणि चहाच्या दुकानातला काळा कडप्पा आंध्रातून. वाडा पाडून इमारत उभी राहिली, तरी कित्येकदा जुन्या जोत्याचे दगड कुंपणात किंवा पायऱ्यांत पुन्हा वापरलेले आढळतात आणि इमारतीच्या पाटीवर ‘वाडा’ हा शब्द तसाच राहतो. अशी ठिकाणे वहीत खूण करून ठेवावीत.

दुसरा प्रश्न नावांचा. मध्य पुण्यात तो घेतला की दोन फेऱ्या पुरत नाहीत. पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, भिकारदास मारुती, डुल्या मारुती, निवडुंग्या विठोबा, खुन्या मुरलीधर, सोट्या म्हसोबा, दाढीवाला दत्त ही नावे रोज कानांवरून जातात, पण त्यांतली काही देवांना चिकटली आहेत शेजारपाजारामुळे. पासोड्या, म्हणजे जाडीभरडी पांघरुणे, विकणाऱ्यांच्या शेजारचा तो पासोड्या विठोबा, निवडुंगाच्या जाळीत सापडला तो निवडुंग्या. सारसबागेतल्या गणपतीला आजही अनेक जण ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. पर्वतीच्या पायथ्याचे ते तळे केव्हाच गेले, तरी पायऱ्या उतरून आत जाताना आपण एका खोलगट जागेत शिरतो, हे पायांना कळते. पेठांच्या नावांचेही तसेच आहे. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या आणि नारायण पेठ नारायणरावांच्या नावाने ओळखली जाते; वाराचे नाव मिळण्यापूर्वी बुधवार पेठ मुहियाबाद होती आणि गुरुवार पेठ वेताळ पेठ होती. फेरीत पाटी दिसली की नाव जसेच्या तसे, पाटीवरील शुद्धलेखनासह उतरून घ्यावे. आपण ते मनातल्या मनात ‘सुधारून’ लिहितो आणि नेमका पुरावा घालवतो.

तिसरा प्रश्न पाण्याचा: ते कुठून येते आणि कुठे जाते? पेशवाईत १७४९ च्या सुमारास कात्रजच्या तलावातून शहरात भूमिगत नळाने पाणी आणले गेले. ते ठिकठिकाणच्या हौदांत पडे. काळा हौद, बदामी हौद ही ठिकाणांची नावे त्या व्यवस्थेची आहेत. हौद दिसला नाही तरी नाव दिसते, आणि नाव कळले की जमिनीचा उतार पाहण्याची बुद्धी होते. उतार पाहण्याची उत्तम वेळ म्हणजे जोराच्या सरीनंतरची दहा मिनिटे. रस्त्याच्या कडेने पाणी कोणत्या दिशेने धावते, कुठे तुंबते, कोणत्या जाळीत शिरते याचे बाण वहीत काढावेत. नारायण आणि शनिवार पेठेत हे बाण शेवटी मुठेकडे वळतात, आणि १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यावर हीच वाट उलट दिशेने पाण्याखाली गेली. नदीकाठच्या भागात त्या पुराच्या पातळीची खूण एखाद्या भिंतीवर आढळली, तर तिच्याजवळ उभे राहून ती आपल्या खांद्याला लागते की डोक्याच्या वर जाते एवढेच लिहावे. फुटांतला आकडा विसरला जातो, स्वतःच्या उंचीशी घातलेली सांगड विसरली जात नाही.

चौथा प्रश्न कानांचा आहे. या फेरीत एका जागी पाच मिनिटे उभे राहून ऐकू आलेले आवाज क्रमाने लिहावेत: कुकरची शिटी, शटर वर ढकलल्याचा खडखडाट, भंगारवाल्याची हाक, देवळातली घंटा. कसबा पेठेतील तांबट आळीत या प्रश्नाने मला चांगलेच फसवले होते. उंबराच्या शेंड्यावरून येणारा टुक्-टुक् आवाज मी कारागिराच्या हातोडीचा मानून लिहिला. तो तांबट पक्षी निघाला. पुढे लक्षात आले की दोहोंतला फरक सोपा आहे. पक्ष्याचा ठेका घड्याळासारखा एकसारखा चालतो, तर मठारकाम, म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यावर हातोडीने ठोके उमटवण्याचे काम, करणारा माणूस भांडे फिरवून घेण्यासाठी मध्येच थांबतो आणि वळणावर त्याच्या घावाचा नाद बदलतो. चुकलेली नोंद खोडू नये. तिच्या शेजारी दुरुस्तीची तारीख घालावी.

माणसांना विचारणे

पाहून जे कळत नाही ते विचारावे, पण कसे विचारावे यालाही महत्त्व आहे. ‘या भागाचा इतिहास सांगाल का?’ असे म्हटले की समोरचा माणूस एकतर संकोचतो किंवा पाठ केलेले सांगू लागतो. त्याऐवजी डोळ्यांसमोरच्या एकाच वस्तूबद्दल विचारावे. वाड्याच्या दिंडी दरवाज्याकडे मी टक लावून उभा असताना एका आजींनी आतूनच हटकले, “काय पाहिजे हो तुम्हाला? कोणाकडे आलात?” मी म्हणालो, “आजी, कोणाकडे नाही. या दाराचा अडसर अजून लावता का, एवढंच विचारायचं होतं.” त्यावर त्यांनी दार ओढून भिंतीतला अडसर बाहेर काढून दाखवला आणि तो रात्री कोण लावत असे, येथपासून पुढची दहा मिनिटे त्याच बोलल्या.

यात तीन पथ्ये पाळावीत. दुकानदाराला गिऱ्हाईक असताना विचारू नये. अमृततुल्य चहाच्या दुकानात तर चहा घेऊन, गर्दी ओसरल्यावरच पितळी भांड्याविषयी किंवा वेलदोड्याविषयी बोलणे काढावे. माणसांचे, विशेषतः मुलांचे, घराच्या आतल्या चौकाचे छायाचित्र परवानगीविना काढू नये. आणि ऐकलेली गोष्ट ‘असे सांगतात’ या शब्दांनीच नोंदवावी. खुन्या मुरलीधराच्या नावाची कथा दोन ठिकाणी विचारली तर तपशिलात फरक पडतो; अशा वेळी कोणती खरी हे ठरवण्याची घाई न करता दोन्ही लिहून ठेवाव्यात.

झाडांचे आणि सावल्यांचे पंचांग

महिना झाला की वहीच्या शेवटच्या पानांवर बारा महिन्यांचे रकाने आखावेत आणि वाटेवरील पाच झाडे निवडावीत. काटेसावरीला फेब्रुवारीच्या सुमारास पाने नसताना लाल फुले येतात, नीलमोहर मार्च-एप्रिलमध्ये फुलतो, बहावा एप्रिल-मेमध्ये आणि त्याच सुमारास मूळचा मादागास्करचा गुलमोहरही. सप्तपर्णी मात्र पावसाळा सरल्यावर संध्याकाळी वासानेच ओळख देते; तिच्याखाली राहणाऱ्यांना तो वास आवडतोच असे नाही. फूल पहिल्यांदा दिसले ती तारीख लिहावी, बहर ओसरल्याची लिहिली नाही तरी चालेल. रकान्यांत सणांनाही जागा द्यावी: दिवाळीत मुलांनी केलेल्या किल्ल्याच्या मातीवर अळीव किती दिवसांत उगवले आणि तो ढिगारा अंगणाच्या कोपऱ्यात कधीपर्यंत टिकला, ही नोंद मला झाडांच्या नोंदींइतकीच मोलाची वाटते.

सावलीसाठी पुण्यात दोन दिवस राखून ठेवण्यासारखे आहेत. मे महिन्याच्या मध्याच्या आसपास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी साडेबारा वाजून गेल्यावर नेमका डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली काही क्षण त्याच्या बुडाशी नाहीशी होते. जुलैत ढगांमुळे हे क्वचितच साधते, म्हणून मेमधला दिवस चुकवू नये. टोपी घालावी, पाण्याची बाटली घ्यावी आणि वाटेवरच्या एखाद्या विजेच्या खांबापाशी दहा मिनिटे आधी जाऊन उभे राहावे. आसपासचे लोक चौकशी करतातच, त्यांनाही दाखवावे.

महिनाअखेरची बैठक

महिन्याच्या शेवटच्या रविवारी वही उघडून फक्त शंकांचे रकाने वाचावेत. काही शंका दुसऱ्या फेरीतच सुटलेल्या असतात, त्यांवर काट मारावी. काही विचारून सुटण्यासारख्या असतात. त्यांच्यापुढे कोणाला विचारायचे ते लिहावे. उरलेल्यांसाठी वाचनालय गाठावे. पुण्यापुरते बोलायचे तर १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या पुणे खंडात त्या वेळच्या पेठांचे वर्णन आहे, आणि आपल्या वाटेवरचे एखादे देऊळ किंवा हौद त्यात आढळला की जुन्या आणि नव्या नोंदी शेजारी शेजारी मांडता येतात. मग एका कोऱ्या कागदावर वाटेचा हाताने नकाशा काढून त्यावर शंकांचे क्रमांक टाकावेत. प्रमाण बिघडले तरी हरकत नाही. ज्या भागात एकही क्रमांक पडलेला नाही, तिथून आपण अजून नुसतेच चालत गेलो आहोत असे समजावे आणि पुढच्या महिन्याची पहिली फेरी तिथूनच सुरू करावी.