ब्रॉडबँडचा वेग अचानक पडलाय? राउटर बंद-चालू करण्याआधी हे तपासा

प्लॅन २०० एमबीपीएसचा, कालपर्यंत सगळं सुरळीत, आणि आज व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहराच थिजतोय. अशा वेळी हात आपोआप राउटरच्या स्विचकडे जातो. जरा थांबा. राउटर बंद केला की बऱ्याच मॉडेलांतल्या नोंदी पुसल्या जातात, दोष काही तासांपुरता झाकला जातो आणि उद्या रात्री पुन्हा तीच रड. आधी दहा मिनिटं मोजमाप करा, आकडे कागदावर उतरवा, मग खुशाल बंद-चालू करा.

इथे घरात फायबर येतो असं धरलं आहे. भिंतीवरच्या डब्यात फायबर शिरतो, त्याच डब्यातून किंवा शेजारच्या वेगळ्या राउटरमधून वायफाय मिळतं. बिघाड तीनपैकी एका ठिकाणी असतो: तुमच्या मोबाइल-लॅपटॉपपासून राउटरपर्यंत, डब्यापासून खांबापर्यंतच्या फायबरमध्ये, किंवा कंपनीच्या जाळ्यात. पुढची सगळी खटपट यातलं ठिकाण कोणतं ते शोधण्यासाठीच आहे.

आधी दोन खोटे बिघाड वगळा

पहिला एककांचा. प्लॅनमधला वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइल उतरताना संगणक मेगाबाइटमध्ये दाखवतो, आणि ८ बिटांचा १ बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल सेकंदाला १२ एमबीच्या आसपास उतरत असेल, तर काहीही बिघडलेलं नाही.

दुसरा डेटाच्या मर्यादेचा. ‘अमर्याद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच प्लॅनना महिन्याची मर्यादा असते, मोठ्या कंपन्यांच्या प्लॅनमध्ये साधारण ३३०० जीबी. ती ओलांडली की वेग एकदम काही एमबीपीएसवर आणून ठेवतात. ओळखायची खूण सोपी: वेग पडलेला असतो, पण डळमळत नाही. दिवसरात्र, सगळ्या उपकरणांवर तोच एक आकडा. कंपनीच्या ॲपमध्ये वापर पाहा. स्थानिक केबलवाल्याकडून जोडणी घेतली असेल तर नूतनीकरण करताना चुकून खालचा प्लॅन तर लागला नाही ना, हेही विचारून घ्या. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

तारेने मोजा

वायफायवर केलेली स्पीड टेस्ट कंपनीबद्दल काहीच सिद्ध करत नाही. लॅपटॉप लॅन केबलने थेट डब्याला जोडा, त्याचं वायफाय बंद करा, व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद करा आणि घरातल्या बाकीच्यांना दोन मिनिटं नेट सोडायला सांगा. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीचा ॲडॉप्टर मिळतो, पण तो यूएसबी ३ आणि गिगाबिट असलेलाच घ्या. स्वस्तातले बरेचसे १०० एमबीपीएसवरच अडतात.

टेस्ट तीनदा करा: एकदा कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर, एकदा दुसऱ्या कंपनीच्या मुंबईतल्या सर्व्हरवर आणि एकदा फास्ट डॉट कॉमवर, कारण ती नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजते. मग आकडे असे वाचा:

- तारेवर पूर्ण वेग, वायफायवर कमी: दोष घरातल्या वायफायचा. कंपनीला फोन करू नका.
- तारेवर बरोबर ९२ ते ९५: लॅन केबल किंवा पोर्ट.
- कंपनीच्या सर्व्हरवर पूर्ण, बाकी ठिकाणी कमी: कंपनीची बाहेर जाणारी वाट अपुरी पडते आहे.
- सकाळी ७ ला पूर्ण, रात्री १० ला निम्मा: गर्दी.
- कायम कमी आणि वरखाली होणारा: फायबरकडे वळा.

९५ च्या आकड्याबद्दल थोडं सविस्तर, कारण यात लोक महिनोन्महिने अडकून राहतात. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १००० एमबीपीएससाठी चारही लागतात, १०० साठी दोन पुरतात. एक तार तुटली किंवा प्लगमध्ये नीट दाबली गेली नाही तरी जोडणी बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरते, आणि त्यातून हाती ९५ च्या आसपास येतात. डबा आणि राउटर वेगळे असतील तर त्यांच्यामधली हातभर केबलही हेच करते, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. विंडोजमध्ये नेटवर्क सेटिंगमध्ये इथरनेटच्या तपशिलात लिंक स्पीड दिसतो. तिथे १००/१०० दिसलं तर कॅट ५ई किंवा कॅट ६ ची नवी केबल लावून पाहा. तरीही १०० च असेल तर डब्याची पोर्ट बदला. काही डब्यांवर एकच पोर्ट गिगाबिट असते, बाकीच्या १०० च्या.

दोष वायफायचा निघाला तर

पहिला संशयित बँड, म्हणजे वायफाय ज्या रेडिओ लहरींवर चालतं तो पट्टा. २.४ गीगाहर्ट्झ लांब पोचतो, पण त्यात गर्दी फार. ५ गीगाहर्ट्झ वेगवान, पण दोन भिंतींत दमतो. दोन्हींना एकच नाव दिलेलं असेल तर मोबाइल केव्हा २.४ वर उतरला ते कळतही नाही. २०० चा वेग अचानक ४० वर आला असेल तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. राउटरच्या पानावर जाऊन दोन्ही बँडना वेगळी नावं द्या आणि टीव्ही, लॅपटॉप ५ वर जोडा. हे पान बहुधा १९२.१६८.१.१ वर उघडतं. पत्ता आणि पासवर्ड डब्याच्या बुडाशी चिकटवलेले असतात.

२.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच ठेवा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. मधले चॅनेल निवडले तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी भांडण होतं. वीज जाऊन आली की ‘ऑटो’वर ठेवलेला राउटर नव्याने चॅनेल निवडतो. सोसायटीतले सगळे राउटर एकाच मिनिटाला जागे होत असल्याने ही निवड अनेकदा वाईट ठरते. लोडशेडिंगनंतर वेग पडल्याची तक्रार असेल तर आधी इथेच पाहा. वायफाय ॲनलायझरसारख्या ॲपमध्ये आजूबाजूचे चॅनेल आणि सिग्नलची ताकद दिसते: उणे ५० डीबीएमच्या आसपास उत्तम, उणे ६७ पर्यंत चालेल, उणे ७५ च्या पलीकडे वेगाची अपेक्षा ठेवू नका. ५ वर रुंदी ८० ठेवा आणि चॅनेल ३६ किंवा १४९ घ्या. ५२ ते १४४ या पट्ट्यात रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनेल सोडावा लागतो आणि जोडणी मध्येच तुटते.

सुरक्षेच्या सेटिंगमध्ये टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी दिसलं तर डब्ल्यूपीए २ आणि एईएस करा. जुन्या पद्धतीवर वायफाय जास्तीत जास्त ५४ च्या लिंकवर अडकतं आणि हातात त्याच्या निम्माही वेग येत नाही.

राउटर कुठे ठेवलाय तेही पाहा. टीव्हीच्या मागे, चपलांच्या कपाटात किंवा पीओपीच्या खणात कोंडलेला राउटर तापतो, आणि तापला की मंदावतो किंवा आपणहून बंद-चालू होतो. नवीन आरसा, लोखंडी कपाट किंवा फिशटँक मध्ये आला तरी सिग्नल अडतो. जुन्या पद्धतीचा एकाच बँडवर चालणारा रिपीटर वेग निम्मा करतो. तो काढून राउटर घराच्या मध्यावर आणणं हा बिनखर्चाचा उपाय आधी करून पाहा. ॲडॉप्टरही तपासा: डब्यावर १२ व्होल्ट १.५ अँपिअर लिहिलेलं असेल आणि मिनी यूपीएस किंवा जुना ॲडॉप्टर १ अँपिअरच देत असेल, तर भार वाढला की राउटर गटांगळ्या खातो.

घरातलाच कोणी नेट खातोय का

डाउनलोड मोकळा असूनही सगळं अडखळतं, तेव्हा अपलोड भरलेला असतो. काही प्लॅनमध्ये अपलोड डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो. लग्नाहून परत आल्यावर चार मोबाइल एकाच वेळी फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागले की आपण काय मागतोय ते सांगणाऱ्या निरोपांनाच रांगेत उभं राहावं लागतं, आणि मग उतरणारा डेटाही थांबतो. क्लाउडवर चित्रण पाठवणारे सीसीटीव्ही कॅमेरे हेच दिवसरात्र करतात. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. अनोळखी नाव दिसलं तर वायफायचा पासवर्ड बदला. तिथेच क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोल नावाचं पान सापडलं तर पूर्वी कोणी तिथे मर्यादा घालून ठेवली नाही ना, तेही बघा.

स्पीड टेस्ट पूर्ण येते पण प्रत्येक संकेतस्थळ उघडायला वेळ लावतं, असं असेल तर दोष डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा, असू शकतो. राउटरमध्ये १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकून पाहा.

फायबरचा प्रकाश

डब्यावर पॉन किंवा पीओएन लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा. एलओएस लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाही, आणि तेव्हा वेग कमी होत नाही, नेटच बंद पडतं. वेग पडला असताना दिवे बहुधा ठीकच दिसतात. म्हणून राउटरच्या पानावर ऑप्टिकल किंवा पॉन इन्फो शोधा. तिथे आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोचलेल्या प्रकाशाची ताकद, दिसते: उणे १५ ते उणे २४ डीबीएम निर्धास्त, उणे २७ ही सर्वसाधारण डब्यांची कड. ३ डीबी कमी झाले म्हणजे प्रकाश निम्मा. काल उणे १९ होते आणि आज उणे २६ असतील, तर पाचपैकी एकच हिस्सा पोचतोय.

पण कमकुवत प्रकाशाने वेग हळूहळू घटत नाही. काही मर्यादेपर्यंत डबा चुका दुरुस्त करून घेतो, त्यापुढे पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, गळू लागतात, आणि शंभरात एकदोन पॅकेट गळाले तरी डाउनलोड कोसळतं. तेव्हा गळती मोजा. पिंग ही समोरून उत्तर येतंय का ते पाहणारी आज्ञा: विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग १९२.१६८.१.१ आणि मग पिंग ८.८.८.८ द्या. शेवटी डॅश आणि टी जोडलं तर पिंग थांबत नाही, ते थांबवायला कंट्रोल-सी. दोन-तीन मिनिटं चालू द्या. राउटरपर्यंत गळती शून्य आणि पुढे गळती असेल, तर दोष घराबाहेरचा. आरएक्स उणे २० असून गळती होत असेल, तर फायबरला दोष देऊ नका, दोष पुढे कंपनीच्या जाळ्यात आहे.

प्रकाश कमी असेल तर डब्यामागची बारीक वायर पाहा. सोफ्यामागे दुमडली, खिळ्याला ताणली, दारात चेपली, तर प्रकाश तिथेच सांडतो. वळण किमान ३ सेंटीमीटर त्रिज्येचं ठेवा. कनेक्टर उगाच काढू नका, उघड्या टोकाला बोट लागलं तरी नुकसान होतं. हिरवा प्लग हिरव्यातच, निळा निळ्यातच. टोकं वेगळ्या कोनात घासलेली असल्याने अदलाबदल केली की प्रकाश वाया जातो. फायबरच्या टोकात डोकावू नका: त्यातला लेझर दिसत नाही, पण असतो.

बाहेरची कारणं मोसमाप्रमाणे बदलतात. मे महिन्यात फांद्या छाटताना तार ओढली जाते, पावसात खांबावरच्या जॉइंटच्या डब्यात पाणी शिरतं, इमारत रंगवताना परांचीवाले तार वाकवून बाजूला बांधतात, गणपतीच्या आधी मंडप आणि कमानींसाठी तारा वर-खाली केल्या जातात. वेग यातल्या कशानंतर पडला ते आठवा आणि तक्रारीत सांगा.

कंपनीशी बोलताना

‘नेट स्लो आहे’ म्हणालात तर उत्तर ठरलेलं: राउटर बंद-चालू करा. त्याऐवजी असं सांगा: ‘लॅन केबलवर सकाळी १९०, रात्री १० ला ३५, आरएक्स उणे २६, आठ टक्के पॅकेट लॉस.’ तक्रारीचा क्रमांक घ्या. तंत्रज्ञ आला की त्याला घरातल्या टोकाला प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावायला सांगा. जॉइंट नव्याने केल्यावर आरएक्स पुन्हा पाहिल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका, आणि तो आकडा डब्यावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुलना करायला हाच कामी येतो.

डब्याच्या मागच्या बारीक भोकात पिन खुपसू नका. त्याने सगळ्या सेटिंग पुसल्या जातात, त्यात कंपनीचं लॉगिन आणि जोडणीसाठी कंपनीने भरलेला व्हीलॅनचा क्रमांकही जातो. मंद असलेलं नेट मग पूर्ण बंद, आणि ते भरून देणारा माणूस सोमवारी येणार.

तक्रार सुटली नाही तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांनुसार त्यासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि अपील ३९ दिवसांत निकाली काढायचं असतं. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तेव्हा थेट तिकडे पत्र पाठवण्यात वेळ घालवू नका. अपील करताना तक्रारीचा क्रमांक विचारतात. तो फोनवर आलेल्या मेसेजमध्ये असतो, म्हणून तो मेसेज पुसू नका.