विनोदी कथाकथनाची तयारी कशी करावी

कथा निवडताना ती कानाला पेलेल का, हे आधी पाहावे. कोट्यांवर उभा असलेला मजकूर डोळ्यांनी वाचताना रंगतो. ऐकताना मात्र एखादी कोटी निसटली की श्रोता मागे पडतो. त्यामुळे जिच्यात माणसे स्वतःच्या स्वभावापायी अडचणीत सापडतात आणि प्रत्येक खटपटीने ती अडचण वाढतच जाते, अशी कथा घ्यावी. व्यंकटेश माडगूळकरांसह महाराष्ट्रभर कथाकथन लोकप्रिय करणारे शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांचा विनोद मुख्यतः अशाच माणसांतून फुलतो.

नवशिक्याने चिं. वि. जोशी यांच्यापासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. ते 1963 साली निवर्तले आणि त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील स्वामित्वहक्काची मुदत 2023 अखेर संपली, त्यामुळे त्या कथा जाहीर कार्यक्रमातही सांगता येतात. पाटील किंवा मिरासदार यांच्या कथांसाठी मात्र हक्कदारांची परवानगी घ्यावी. दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. जोशींचा कथानायक चिमणराव आपली फजिती स्वतःच, अत्यंत गंभीरपणे सांगतो आणि आपल्या सांगण्यात हसण्यासारखे काही आहे याची त्याला जाणीवही नसते. हे गांभीर्य कथा संपेपर्यंत टिकवणे हाच या कलेचा गाभा आहे, कारण सांगणारा आधी हसला की श्रोत्यांना हसण्याचे कारण उरत नाही.

संवाद शब्दशः पाठ करावेत. वर्णन आटोपशीर करावे. परंतु पुढे ज्या तपशिलावर हशा येणार आहे, तो काटछाटीत जाऊ देऊ नये. मिरासदारांच्या नाना चेंगट, बाबू पैलवान अशा पात्रांसाठी निरनिराळे आवाज काढण्याची गरज नसते. बोलण्याची गती, मानेचा कल आणि नजरेची दिशा बदलली तरी पात्रे वेगळी ओळखू येतात. ग्रामीण बोली मात्र कानांनी शिकावी, कारण सरसकट हेल काढून केलेली नक्कल त्या माणसांचा अपमान करते, आणि मिरासदारांच्या विनोदात त्यांच्याविषयी जिव्हाळा असतो.

तालमीत हशाच्या जागी थांबण्याची सवय लावावी. प्रयोगात हशा ओसरू लागताच, तो पूर्ण विरण्यापूर्वी पुढचे वाक्य उचलावे. अपेक्षित हशा आलाच नाही, तर तेच वाक्य पुन्हा न सांगता कथा त्याच गतीने पुढे न्यावी.