वायंगणाआधी टिलर-पंपाचं ऑईल: छोटी बाटली की मोठी?

सरदाचं, म्हणजे पावसाळी, भात घरात आलं. आता थोड्याच दिवसांत वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी भाताच्या, नांगरटीला पॉवर टिलर उतरतील, आणि गोव्यातल्या सत्तरी-फोंड्याच्या कुळागरांतले (माडा-पोफळीच्या बागांतले) पंप सुरू झाले की पुढचा पाऊस येईपर्यंत त्यांना उसंत नाही. या दिवसांत स्पेअर पार्टच्या दुकानात गेलं की ऑईलच्या डब्यासोबत अ‍ॅडिटिव्हची, म्हणजे ऑईलमध्ये वरून मिसळायच्या रसायनाची, बाटली पुढे येते. एक बोटभर उंचीची, 'कॉन्सन्ट्रेट' (म्हणजे तीव्र अर्क) लिहिलेली. दुसरी चांगली मोठी. मोठीत माल जास्त म्हणून ती घ्यावी, असं वाटणं साहजिक आहे.

पण बाटली घेण्याआधी डिपस्टिक काढून बघा. जून-जुलैत चिखलणी केलेल्या टिलरचं ऑईल दुधाच्या चहासारखं दिसत असेल, तर आत पाणी शिरलं आहे. त्यावर कुठलंच अ‍ॅडिटिव्ह चालत नाही. ऑईल काढा, फिल्टर असेल तर तो साफ करा किंवा बदला, आणि पाणी शिरलं कुठून ते मिस्त्रीकडून तपासून घ्या. ऑईल नुसतं काळं असेल तर घाबरू नका, डिझेल इंजिनात ते काळं होतंच. मात्र ऑईल बदलायचे तास भरले असतील तर बदला.

डिझेल इंजिनाच्या एपीआय सीआय-४ दर्जाच्या १५डब्ल्यू-४० ऑईलमध्ये (दर्जा आणि दाटपणाच्या या खुणा डब्यावर असतात) झीज रोखणारं झिंक, काजळी धरून ठेवणारा डिस्पर्संट, हे सगळं कंपनीनेच प्रमाणात घातलेलं असतं. त्यामुळे ज्याचं इंजिन ठीक आहे, त्याने दोन्ही बाटल्या दुकानातच ठेवल्या तरी बिघडत नाही. माझं मत विचाराल तर ते पैसे वेळेवर ऑईल बदलण्यात घाला. इंजिन वॉरंटीत असेल तर पुस्तिका वाचल्याशिवाय काहीच ओतू नका.

तरीही घालायचंच असेल, तर बाटलीचा आकार बघू नका, मागच्या बाजूला 'किती लिटर ऑईलसाठी' लिहिलंय ते बघा. समजा, ३०० मिलीची मोठी बाटली ५ लिटरसाठी आहे. म्हणजे लिटरला ६० मिली. १०० मिलीचं कॉन्सन्ट्रेटही ५ लिटरसाठीच असेल, तर लिटरला २०. अडीच लिटर ऑईल घेणाऱ्या टिलरला मोठीतलं १५० मिली लागेल, छोटीतलं ५०. पाच-साडेपाच एचपीच्या पेट्रोल पंपात ऑईल मावतं जेमतेम ६०० मिली. तिथे मोठीतलं ३६ मिली, छोटीतलं फक्त १२. या बाटल्यांवरचं प्रमाण बहुधा मोटारगाडीच्या इंजिनाचं असतं. पंपात अख्खी मोठी बाटली रिकामी केली, तर ऑईल उरतं निम्मंच. पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली की ऑईलला फेस येतो, सील गळायला लागतात. म्हणून जेवढं अ‍ॅडिटिव्ह घालाल तेवढं ऑईल कमी भरा. किमतीची तुलनाही लिटरमागेच करा.

लहान इंजिनाला छोटी बाटली सोयीची, पण ती मोजून घालणाऱ्यालाच. तिथे झाकणभर जास्त पडलं तरी प्रमाण दुप्पट होतं, आणि जादा रसायन पिस्टनवर राख होऊन बसतं. औषधाच्या दुकानातली बिनसुईची सिरिंज घ्या. मॉलिब्डेनमवालं असेल तर बाटली आधी नीट हलवा, तळाला साका बसतो. एक कॉन्सन्ट्रेट दोन-तीन शेजाऱ्यांनी वाटून घेतलेलं बरं. उघडी बाटली आपल्याकडच्या दमट हवेत वर्षभर ठेवण्यात अर्थ नाही.

मोठ्या बाटलीतलं दाट 'ऑईल ट्रीटमेंट' एका ठिकाणी उपयोगी पडतं: निळा धूर सोडणारं, ऑईल खाणारं जुनं इंजिन. ऑईल दाट झाल्याने धूर कमी होतो आणि हंगाम निघून जातो. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा मात्र तशाच राहतात, त्या पावसाआधी बदलाव्याच लागतील.

गवत कापायचं मशीन टू-स्ट्रोक असेल तर हा विषयच नाही, त्याचं ऑईल पेट्रोलमध्ये मिसळतं. फोर-स्ट्रोकमध्येही ऑईल जेमतेम १०० मिली. तिथे नुसतं ताजं ऑईल घाला. टिलरच्या गिअरबॉक्समध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ऑईलमध्ये बुडालेल्या ब्रेकच्या घरात हे कधीच नको. बाजारहाटाच्या मोटारसायकलमध्येही नको, क्लच घसरेल. आणि डिझेलच्या टाकीत घालायचं अ‍ॅडिटिव्ह वेगळं असतं, लेबल वाचूनच ओता.

काढलेलं ऑईल वाळवीसाठी माडा-पोफळींच्या बुंध्याला फासण्याची किंवा पाटाकडेला ओतण्याची सवय अजून दिसते. ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि पाटाचं पाणी पुढे कुणाच्या तरी विहिरीला किंवा खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, जातं. झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि जुनं ऑईल रीतसर गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.