ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर पॉवर (घात) टाकताना ब्रॅकेट कुठे लावायचे

भाचीला तिच्या काकांनी आपला जुना टीआय-८३ प्लस कॅल्क्युलेटर दिलाय. रविवारी आमच्याकडे रामबागेत आली तेव्हा पोह्यांची प्लेट बाजूला सारून म्हणाली, मामा हा बिघडलाय, बघा ना. गणित चक्रवाढ व्याजाचं, १०,००० रुपये, ८ टक्के, दर तिमाहीला व्याज, ५ वर्षं, आणि स्क्रीनवर ५४,१२१.६१! पाच वर्षांत पाचपटीच्या वर कोणती बँक देते?

तिने टाकलं होतं १००००(१+०.०८/४)^४×५. आता पॉवरचं हे ^ चिन्ह फक्त त्याला चिकटलेला आकडा उचलतं, म्हणजे ४ ची पॉवर झाली आणि मग सगळ्यालाच ५ ने गुणलं गेलं. ^(४×५) असं करायला लावलं, १४,८५९.४७ आलं, बरोबर. म्हणून पॉवरमध्ये एकापेक्षा जास्त काही असेल, भागाकार असो की बेरीज, तर कंस लावायचाच. ८^१/३ म्हणजे २.६६७ येतं, ८ चं घनमूळ हवं तर ८^(१/३), उत्तर २.

खालच्या आकड्याचंही तसंच आहे. -३^२ टाकलं तर -९ येतं, कारण आधी वर्ग होतो आणि मायनस नंतर लागतो, ९ पाहिजे तर (-३)^२. आणि हो, ऋण चिन्हाचं बटण वेगळं आहे, खाली एंटरच्या शेजारी, कंसात त्याऐवजी वजाबाकीचं दाबलं की एरर.

ग्राफमध्ये मात्र चूक पटकन दिसत नाही, म्हणून हे जरा नीट बघा. २^एक्स+१ आणि २^(एक्स+१), एक्स ० ठेवला तर दोन्हीकडे २ च येतं, मुलं तेवढाच बिंदू तपासतात आणि पुढे जातात! एक्स ३ ठेवा, एकीकडे ९, दुसरीकडे १६. मी भाचीला टेबल उघडून दोन्ही कॉलम शेजारी शेजारी दाखवले तेव्हा कुठे तिला पटलं.

नव्या टीआय-८४ वर मॅथप्रिंट मोड असतो, त्यात ^ दाबलं की कर्सरच वर चढतो, तिथे कंसाची गरज नाही पण उजवा बाण दाबून खाली उतरायला विसरलात तर पुढचं +१ पण पॉवरमध्येच जाऊन बसतं. एंटर दाबायच्या आधी वर काय आहे आणि खाली काय आहे ते एकदा डोळ्यांनी बघून घ्या.

एकावर एक पॉवर असेल, २^३^२ सारखी, तर जुना ८३ डावीकडून सोडवतो आणि ६४ देतो, वहीत आपण ५१२ लिहितो. तिथे २^(३^२) लिहायचं.