रसायनशास्त्राचा एकत्र सराव करताना या चुका टाळा

बारावीच्या परीक्षेला दीड-दोन महिने उरले, की मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या माडीवर संध्याकाळी मुले जमू लागतात. एकत्र अभ्यासाला माझा मुळीच विरोध नाही. विरोध आहे तो एकाने गणित सोडवायचे आणि उरलेल्यांनी माना डोलवायच्या, या रिवाजाला. एकट्याने केलेली चूक उत्तर पडताळताना बहुधा सापडते. चौघांनी मिळून केलेल्या चुकीचा मात्र कोणाला संशयच येत नाही.

काही वर्षांपूर्वी एका जानेवारीत चार मुले ०.०५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच, म्हणजे हायड्रोजन आयनांच्या तीव्रतेच्या लॉगची उणे किंमत, काढत होती. त्यांच्यातल्या हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाने लॉगटेबल उघडले, पाचासमोर ६९९० वाचले, कॅरॅक्टरिस्टिक, म्हणजे लॉगचा पूर्णांक भाग, बार २ धरला आणि बार म्हणजे वजा असे मानून संपूर्ण संख्या उणे २.६९९० लिहून टाकली. साहजिकच पीएच २.६९९ आला. मी चहा घेऊन वर गेलो तेव्हा चारही वह्यांत हेच उत्तर चौकटीत बसलेले होते आणि मला मोठ्या समाधानाने सांगण्यात आले, "सर, चौघांचंही जुळलं." जुळणारच, कारण तीन वह्या चौथीवरून उतरल्या होत्या.

बार फक्त कॅरॅक्टरिस्टिकच्या डोक्यावर असतो. मँटिसा, म्हणजे दशांशचिन्हापुढचा भाग, नेहमी धनच राहतो. म्हणून बार २.६९९० म्हणजे उणे २ अधिक ०.६९९०, अर्थात उणे १.३०१०, आणि पीएच १.३०१. मुलांचे उत्तर ज्या आम्लाला लागू पडते त्याची तीव्रता ०.००२ मोलर, म्हणजे दिलेल्या आम्लाच्या पंचविसावा भाग. मी एवढेच विचारले, की ०.१ मोलरचा पीएच किती? एक. ०.०१ मोलरचा? दोन. मग ०.०५ चा कुठे पडेल? कोपऱ्यात बसलेला, तोवर एक अक्षरही न बोललेला मुलगा म्हणाला, "एक आणि दोनच्या मध्ये." त्याला ते आधीच खटकले होते, पण हुशार मित्राचा हात भराभर चालत होता म्हणून तो गप्प बसला होता. राग मला त्या बारचा आला नाही, या गप्प बसण्याचा आला.

तेव्हापासून आमच्या माडीवर जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या असतात. प्रत्येकाने गणित वेगळे सोडवायचे, लॉगटेबल उघडण्यापूर्वी उत्तर साधारण कोणत्या दोन संख्यांच्या मध्ये येईल ते चिठ्ठीवर लिहायचे, मग आकडेमोड करून उत्तर लिहायचे आणि सगळ्या चिठ्ठ्या एकदमच उघडायच्या. उत्तरे वेगळी आली तर ज्याचे उत्तर एकटे पडले त्याने आधी बोलायचे, आणि दहा मिनिटे गाइडला कोणी हात लावायचा नाही. यात वेळ जातो, अशी तक्रार दरवर्षी होते. तासाला वीस गणिते उरकल्याचा आनंद ज्यांना हवा असेल त्यांनी दुसरी माडी शोधावी. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटरही चालत नाही, कारण बोर्डाच्या पेपरात लॉगटेबलला परवानगी आहे, कॅल्क्युलेटरला नाही.

दुसरी चूक घोकंपट्टीतून येते. "तापमान दिसले की २७३ मिळवा" हा सेल्सिअसचे केल्व्हिन करण्याचा मंत्र मुले एकमेकांना इतक्या ठामपणे सांगतात, की तो नको तिथेही म्हटला जातो. २०० ग्रॅम पाण्यात ६ ग्रॅम युरिया विरघळवला, तर युरियाचे मोलर वस्तुमान ६० असल्याने मोलॅलिटी (एक किलोग्रॅम द्रावकातील मोल) ०.५ येते, पाण्याचा उत्कलनबिंदू वाढीचा स्थिरांक ०.५२ धरला, तर उत्कलनबिंदूतील वाढ ०.२६ केल्व्हिन होते. या ०.२६ मध्ये २७३ मिळवून कोणीतरी २७३.२६ लिहितो आणि बाकीचे त्याला दुजोरा देतात. ०.२६ हा फरक आहे, तापमान नव्हे. फरक केल्व्हिनमध्ये आणि सेल्सिअसमध्ये सारखाच असतो, म्हणून द्रावण १००.२६ अंशांना उकळेल. (समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरच्या कोल्हापुरात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, हे एका मुलीने निदर्शनास आणले होते. तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. पेपरातले पाणी मात्र १ वातावरण दाबाखाली उकळते.) परासरणदाबाच्या सूत्रात तापमान स्वतः येते, म्हणून तिथे २७३ मिळवावेच लागतात. दोन्ही गणिते एकाच बैठकीत, एकामागून एक सोडवावीत, म्हणजे मंत्र कुठे संपतो ते कळते.

मोलॅलिटी काढताना भागाकार द्रावकाच्या किलोग्रॅमने करायचा असतो, द्रावणाच्या नव्हे. विद्युतघटातील अर्धअभिक्रियेला दोनाने गुणले, तरी तिच्या प्रमाण विभवाला गुणायचे नसते. जलीय पोटॅशियम हायड्रॉक्साइडने अल्किल हॅलाइडपासून अल्कोहोल मिळते आणि अल्कोहोलिकने अल्कीन, म्हणून अभिक्रियेच्या बाणावरचा शब्द गाळला तर पुढचे उत्तर कोणते धरायचे हे परीक्षकाने कसे ठरवावे?

सीईटी या पूर्ण बहुपर्यायी प्रवेश परीक्षेच्या युक्त्या बोर्डाच्या सरावात आणणाऱ्यांविषयी थोडे कठोरच लिहितो. बोर्डाचा लेखी पेपर ७० गुणांचा, तीन तासांचा. त्यात बहुपर्यायी प्रश्न केवळ १० गुणांचे असतात आणि उरलेले सगळे हाताने लिहायचे असते. फर्स्ट ऑर्डर अभिक्रियेच्या अर्धायुकालाचे सूत्र तोंडपाठ असलेली मुले, ते कसे आले हे लिहिण्याची वेळ आली की दुसऱ्या ओळीवर अडखळतात. बहुपर्यायी प्रश्नांतही पहिले लिहिलेले उत्तरच तपासले जाते आणि पर्यायाच्या अक्षरासह पूर्ण उत्तर लिहावे लागते. सरावाच्या वेळी मात्र शेजाऱ्याचे ऐकून खोडाखोड सुरू असते. म्हणून आमच्याकडे चिठ्ठीवर खोडलेले उत्तर चूकच धरले जाते.

प्रात्यक्षिकाच्या ३० गुणांचा सरावही मुले एकत्र करतात, आणि तिथे एक जण ब्युरेट (द्रव मोजून सोडायची खुणांची नळी) वाचतो व दुसरा आकडा लिहितो. पोटॅशियम परमँगनेट इतके गडद असते, की त्याच्या पृष्ठभागाची खालची कड दिसत नाही, त्यामुळे वाचन वरच्या कडेवरून घ्यावे लागते. सुरुवातीचे वाचन एकाने खालच्या कडेचा अंदाज बांधून घेतले आणि शेवटचे दुसऱ्याने वरच्या कडेवरून घेतले, तर वजाबाकी कितीही नीट केली तरी तीन वाचने जुळत नाहीत. दोन्ही वाचने एकाच मुलाने, डोळा पातळीशी समोरासमोर ठेवून घ्यावीत, आणि पुढच्या अनुमापनाला ब्युरेट दुसऱ्याच्या हाती द्यावी.