जुन्या गाडीचा गळका एसी: आधी गळती शोधा, मग गॅस भरा

गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला असेल तर तो कुठून तरी बाहेर पडला आहे, एवढाच त्याचा अर्थ. नागपुरात मात्र मार्च सरला की बॉनेट उघडायच्या आधीच "गॅस कमी आहे भाऊ, टाकून देतो" असं ऐकू येतं, आणि नवतपा (मे अखेरचे रणरणत्या उन्हाचे नऊ दिवस) लागेपर्यंत तोच गाडीवाला त्याच दुकानात पुन्हा उभा असतो. माझी हॅचबॅक २००८ सालची. एका उन्हाळ्यात तिच्यात तीनदा गॅस भरला, चांगला कंडेन्सर (रेडिएटरसमोरची, गॅस थंड करणारी जाळी) बदलला, आणि शेवटी गळती निघाली एका पिनेत, म्हणजे गॅस भरायच्या तोंडातल्या (पोर्टमधल्या) छोट्या व्हॉल्व्हमध्ये. त्यानंतर घरातल्या, शेजारच्या, मित्रांच्या गाड्यांवर हे काम इतक्यांदा केलं आहे की "टॉप-अप मारून घ्या" हा सल्ला ऐकला तरी चिडायला होतं.

एक सवलत देतो. दहा-पंधरा वर्षांच्या गाडीत रबरी नळ्यांतून थोडा गॅस झिरपतोच. तीन-चार उन्हाळे निघाले आणि मग थंडावा कमी झाला, तर नुसता गॅस भरायला हरकत नाही. एका हंगामात संपला तर ती गळती आहे. तशीच गाडी चालवली तर कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) जातो, कारण त्याचं ऑइल गॅससोबतच फिरतं. गॅस उरला नाही की ऑइलही परत येत नाही.

गॅसच कमी आहे ना, हे बघा

एसी लावल्यावर कंडेन्सरचा पंखा फिरतो का, त्याच्या जाळीत धूळ-माती अडकली आहे का, केबिन फिल्टर तुंबला आहे का, एवढं पाहा. जाळी पाण्याने धुवा. निम्म्या तक्रारी माझ्या अनुभवात इथेच मिटल्या. शिवाय बॉनेटखालचं स्टिकर वाचा: गॅसचा प्रकार आणि वजन ग्रॅममध्ये तिथे लिहिलेलं असतं. १९९५ नंतरच्या बहुतेक जुन्या गाड्यांत आर १३४ ए असतो. खूप जुन्या गाडीत आर १२ असेल तर हा लेख बाजूला ठेवा, तिचं काम वेगळं आहे.

आत उरलेला गॅस पिन दाबून हवेत सोडू नका. वातावरण तापवण्यात हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त जोरदार आहे. गळती शोधायला घेण्याआधी तो रिकव्हरी मशीन (गॅस ओढून साठवणारं यंत्र) असलेल्या एसीवाल्याकडून काढून घ्या. चष्मा आणि हातमोजे घाला. द्रवरूपातला हा गॅस उणे २६ अंशाला उकळतो, बोटावर उडाला तर कातडी गोठते. जवळ विडी-सिगारेट नको, ज्योतीत या गॅसचा विषारी धूर होतो.

गळती शोधणं

सगळं काम इथे आहे. बाकीचं कोणीही करू शकतो.

सुरुवात डोळ्यांनी करा. गॅस बाहेर पडताना सोबत ऑइल नेतो आणि आपल्याकडची धूळ त्यावर बसते. नळ्यांचे जोड, कंडेन्सरचे कोपरे, कॉम्प्रेसरच्या पुलीमागचा भाग टॉर्च लावून पाहा. काळपट, चिकट डाग दिसला की तिथे संशय घ्या. पुलीच्या आसपास ऑइल उडालेलं असेल तर कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील (दांड्याभोवतीचं रबर) गेलं आहे.

डाग दिसला नाही तर नायट्रोजन भरून तपासा, नुसत्या व्हॅक्यूमवर जाऊ नका. पंप लावून व्हॅक्यूम ओढायचा (आतली हवा काढून टाकायची), गेजचा काटा अर्धा तास हलला नाही की "लीक नाही" म्हणून मोकळं व्हायचं, ही पद्धत सगळीकडे चालते आणि ती फसवी आहे. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा आत ढकलते ती फक्त १४ पीएसआयने. मे महिन्यात एसी चालू असताना हाय साइडला (कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या बाजूला) आतून बाहेर २५० पीएसआयचा किंवा त्याहून जास्त रेटा असतो. तो रेटा ज्या भेगेतून गॅस काढतो, ती भेग व्हॅक्यूममध्ये दिसेलच असं नाही.

कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावून १५० पीएसआयपर्यंत भरा. एवढ्याने डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल फुटेल अशी भीती काही जण घालतात, ती खोटी आहे. बाहेर ४५ अंश असताना सावलीत उभ्या, गॅस भरलेल्या गाडीत एसी बंद असूनही साधारण तेवढाच दाब असतो. रेग्युलेटरशिवाय सिलिंडर कधीच जोडू नका, आणि त्याजागी ऑक्सिजन तर चुकूनही नाही. ऑइलशी गाठ पडली की स्फोट होतो. हवा भरायच्या कॉम्प्रेसरची हवाही नको, तिच्यात ओल असते. पेट्रोल पंपावरचा टायरचा नायट्रोजनही मी वापरत नाही, तो पुरेसा कोरडा असल्याची खात्री नसते.

रात्रभर ठेवणार असाल तर गेजसोबत हवेचं तापमानही लिहून ठेवा. दुपारी ४५ अंशाला भरलेले १५० पीएसआय पहाटे ३० अंशाला आपोआप १४२ च्या आसपास येतात. मी पहिल्यांदा हा फरक बघून गळती समजलो आणि तिच्या मागे दोन दिवस घालवले. दाब ताडून बघायचा तो त्याच तापमानाला, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी.

आता माझ्या पिनेची गोष्ट, कारण याच ठिकाणी बहुतेक जण चुकतात. वर्कशॉपमध्ये व्हॅक्यूम धरला. नायट्रोजनही चोवीस तास धरून राहिला. "बिलकुल लीक नाही भाऊ, तुमचा कंडेन्सरच खराब असेल" असं सांगून त्यांनी कंडेन्सर बदलला, गॅस भरला, आणि तीन आठवड्यांत हवा पुन्हा गरम. लक्षात कोणाच्याच आलं नाही की गेजचा कपलर (पोर्टवर बसणारा जोड) लावला की तो आतली पिन दाबून उघडी ठेवतो. त्या वेळी पिनेतून गळती होते का, याची तपासणी होतच नाही. गळती सुरू होते कपलर काढल्यावर, आणि तेव्हा गेजकडे बघायला कोणी नसतं.

म्हणून नायट्रोजन आत असतानाच कपलर काढा. भांड्यांचा साबण पाण्यात जरा घट्ट कालवा, फेस होऊ देऊ नका, आणि ड्रॉपरने पोर्टच्या तोंडात भरा. मग थांबा. माझ्या लो साइडच्या (कमी दाबाच्या बाजूच्या) पोर्टमध्ये दहा-बारा सेकंद काहीच झालं नाही. मग मोहरीएवढा एक बुडबुडा वर आला, वाढत ज्वारीच्या दाण्याएवढा झाला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा यायला लागला. एका प्लेट तर्री-पोह्यांपेक्षा स्वस्त पिनेपायी मी कंडेन्सरचे पैसे भरले होते. दोन्ही पोर्ट असेच तपासा आणि प्रत्येकावर किमान एक मिनिट थांबा. मग हाच साबण सगळ्या जोडांना लावा, खालच्या बाजूने आरसा धरून.

पिन, जोड, कंडेन्सर, सील सगळं कोरडं आणि दाब तरीही उतरतोय? मग कूलिंग कॉइल. बऱ्याच जुन्या गाड्यांत केबिन फिल्टर नसायचा. पालापाचोळा कॉइलवर सडून ॲल्युमिनियमला सुईएवढी छिद्रं पडतात. पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीच्या तोंडाशी ऑइलचा ओशटपणा लागला तर खात्री समजा. यासाठी डॅशबोर्ड खोलावा लागतो. ते घरी करू नका.

गळती बुजवणारं औषध गॅसमध्ये टाकायला कोणी सांगितलं तर साफ नाही म्हणा. आत ओल असेल तर ते नको तिथे घट्ट होतं, एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कॉइलआधीचं गॅसचं बारीक तोंड) तुंबवतं आणि पुढे ज्याच्या मशीनने गॅस काढला जाईल त्याचंही मशीन खराब करतं.

दुरुस्ती

पिन एसीचीच घ्या. टायरची पिन दिसायला सारखी असते, पण तिचं रबर या गॅससाठी नसतं. ओ-रिंग (जोडातलं गोल रबर) १३४ गॅसला चालणारीच घ्या, बसवण्याआधी एसीचंच ऑइल लावा, ग्रीस नाही. सिस्टिम बरेच दिवस उघडी राहिली असेल तर ड्रायर (ओल शोषणारी डबी) बदला, पावसाळ्यात तर नक्कीच.

व्हॅक्यूम

पाऊण तास पंप चालवा. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर आहे, त्यामुळे गेजचा काटा ३० इंचांना टेकणार नाही, साडेअठ्ठावीसच्या जवळपास थांबेल. पंपाला दोष देऊ नका. ओल काढायला आपला उन्हाळा सगळ्यात चांगला: ४५ अंशाला काटा २६ च्या पुढे गेला की आतलं पाणी उकळून निघायला लागतं. जानेवारीच्या सकाळी त्यासाठी २८ च्याही वर जावं लागतं.

गॅस भरणं

वजनाने भरा, दाबाने नाही. आत थोडाही द्रव असेपर्यंत बंद गाडीतला दाब फक्त तापमानावर ठरतो. दोनशे ग्रॅम असोत की चारशे, काटा तोच. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या, गॅसचा कॅन त्यावर उभा ठेवा, नळीतली हवा आधी काढा. इंजिन आणि एसी चालू, ब्लोअर फुल, आणि फक्त लो साइडचा व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडा. इंजिन चालू असताना हाय साइडचा व्हॉल्व्ह उघडला तर तो दाब कॅनमध्ये येतो आणि कॅन हातात फुटू शकतो. स्टिकरवरचं वजन झालं की थांबा. "थोडा जास्त असू द्या, उन्हाळा आहे" हे ऐकू नका. जास्त गॅसने थंडावा कमी होतो आणि हाय साइडचा दाब नको तितका चढतो.

बाहेर ४४ अंश, गाडी सावलीत, आतली हवाच फिरवायचं बटण दाबलेलं, अशा वेळी डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत १२ ते १४ अंश मिळाले तर माझ्या जुन्या गाडीसाठी मी काम झालं असं धरतो.

कपलर काढल्यावर दोन्ही पोर्टमध्ये पुन्हा साबणाचं पाणी टाकून एक मिनिट बघा, मग फडक्याने कोरडे करा. टोपण लावण्याआधी त्यातलं रबर आहे का ते पाहा. टोपण हरवलं असेल तर नवीन आणा, कारण पिनेनंतर गॅस अडवायला तेवढंच असतं. तारीख आणि किती ग्रॅम भरला ते टेपवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा.