रिपोर्टात कॅन्डिडा आला, तर पुढे काय बघायचं

नाशिकच्या आयसीयूत नव्याने रुजू झालेल्या सिस्टर-ब्रदरना मी एक सवय आधी लावते. कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, कॅन्डिडा ही बुरशी आली की औषधाची चिठ्ठी मागायच्या आधी नमुना कुठला होता ते वाचा.

सक्शनच्या नळीतून घेतलेल्या बेडक्यात कॅन्डिडा येणं व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये नेहमीचं आहे. त्यामुळे न्यूमोनिया होणं मात्र फारच दुर्मिळ, म्हणून तेवढ्यावरून अँटिफंगल सुरू होत नाही. लघवीत आला तर आधी फोलीज, म्हणजे लघवीची नळी बघा. गरज नसेल तर काढा, असेल तर बदला. लक्षणं असतील, पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या असतील किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर डॉक्टर औषधाचा विचार करतात. रक्तात आला तर एकाच बाटलीत का असेना, तो खराच धरायचा. तिथे 'कंटॅमिनेशन असेल' म्हणून सोडून देणं पेशंटच्या जिवावर बेततं.

निफाड-दिंडोरीकडचे नातेवाईक विचारतात, 'बुरशी आहे म्हणता, मग औषध का नाही?' त्यांना मी बागेचंच सांगते. भुरीचे बीजाणू बागेत असतातच, ढगाळ हवा मिळाली की रोग उठतो. द्राक्षवाल्यांना एवढं पुरतं.

आयसीयूतली ही ढगाळ हवा म्हणजे सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी), टीपीएन (शिरेतून दिलेलं पूर्ण पोषण), पोटाचं ऑपरेशन, डायलिसिस, स्टिरॉइड आणि लांबलेली ब्रॉड स्पेक्ट्रम अँटिबायोटिक्स. 2006 मध्ये स्पेनमधल्या डॉक्टरांनी 'कॅन्डिडा स्कोअर' मांडला, तो पाठ करण्याजोगा आहे. ऑपरेशनला 1, टीपीएनला 1, एकाहून जास्त जागी कॅन्डिडा असेल तर 1, सिव्हिअर सेप्सिसला (जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागणं) 2. बेरीज 3 किंवा जास्त झाली की राउंडला स्वतःहून बोला. माझ्या मते या स्कोअरचा खरा उपयोग तो कमी असताना होतो, कारण विनाकारण औषध टळतं.

आता ब्लड कल्चर, कारण इथेच हात आखडता घेतला जातो. दोन वेगवेगळ्या ठिकाणी सुई टोचून दोन सेट घ्या. मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिली रक्त हवं. बाटलीचं रबर स्पिरिटने पुसा आणि वाळू द्या, ओल्यावर सुई घालू नका. इतकं करूनही आत शिरलेला कॅन्डिडा निम्म्याच वेळा सापडतो. म्हणून निगेटिव्ह रिपोर्टवर ताप उतरत नसलेल्या पेशंटला मोकळं समजू नका.

रक्तात सापडला की सुरुवातीला बहुधा कॅस्पोफंजिन किंवा मायकाफंजिन हे बुरशीवरचं औषध चालू होतं. सेंट्रल लाइन काढता येईल का, हे त्याच दिवशी विचारा. कल्चर रोज किंवा दिवसाआड पुन्हा पाठवा, कारण कुठे गुंतागुंत नसेल तर औषधाचे 14 दिवस पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजतात. डोळ्याच्या डॉक्टरांना पडदा बघायला बोलावणं राहून जातं. फाइलवर लाल पेनने लिहून ठेवा.

कॅन्डिडा ऑरिस या कॅन्डिडाच्याच एका जातीचं प्रकरण वेगळं. 2009 मध्ये जपानमध्ये एका बाईच्या कानातून तो पहिल्यांदा ओळखला गेला. फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला तो बहुतेक वेळा दाद देत नाही आणि बेडच्या कठड्यावर, बीपीच्या कफवर आठवडेच्या आठवडे टिकतो. लॅबमधली काही मशीन त्याला 'हिम्युलोनाय' या दुसऱ्याच कॅन्डिडाच्या नावाने दाखवतात. रिपोर्टात ते नाव आलं तर लॅबला फोन करून खात्री करून घ्या. असा पेशंट वेगळ्या खोलीत, गाऊन-ग्लोव्हज घालूनच. हाताला अल्कोहोलचा हँडरब चालतो, पण फरशी पुसायच्या नेहमीच्या क्वाटर्नरी अमोनियमवर विसंबू नका. मावशींना रोज ताजं हायपोक्लोराइट बनवून द्या आणि पुसलेली जागा ठरलेली मिनिटं ओली राहते ना, ते उभं राहून बघा.

पेशंट मुंबईला हलवायचा असेल तर ट्रान्सफर नोटमध्ये ऑरिस ठळक लिहा आणि अँब्युलन्स निघण्याआधी तिकडच्या सिस्टरला फोनवरही सांगा.